सरकती पट्टी

सुताराच्या शेडमध्ये विजेची गोल करवत तुम्ही पाहिली असेल. लोखंडी टेबल असते. टेबलाच्या मधोमध फिरते पाते असते. पात्याच्या बाजूला एक लांब पट्टी असते. काही जण तिला गाईड म्हणतात. दोन इंच रुंद फळी कापायची असली, तर ही पट्टी पात्यापासून दोन इंचांवर सरकवायची आणि मूठ आवळायची. मग लाकूड पट्टीला टेकवून पुढे ढकलायचे. फळी सरळ कापली जाते.

ही पट्टी हलक्या हाताने सरकली पाहिजे. ती अडली तर काय होते?

आम्ही एका शेडमध्ये बसलो होतो. तिथली पट्टी सरकेना. कारागीर घाईत होता. त्याने पट्टीवर बुक्की मारली. पुढचे टोक सरकले, मागचे तिथेच राहिले. पट्टी तिरपी झाली. ते त्याच्या ध्यानात आले नाही. कापता कापता लाकूड पाते आणि पट्टी यांच्यात दाबले गेले. पात्याच्या मागच्या दात्यांनी ते उचलले आणि उलटे फेकले. लाकूड त्याच्या कानाजवळून गेले आणि भिंतीवर आदळले. नशीब म्हणून डोळा वाचला!

पट्टी का अडते? दांडीवर भुसा साचतो. लाकडाचा डिंक चिकटतो. पावसाळ्यात गंज चढतो.

तुम्ही म्हणाल, "मग तेल घाला की! गाडीच्या आसाला आपण वंगण घालतोच ना?"

पण इथे ओले तेल चालत नाही. आस झाकलेला असतो. इथे दिवसभर भुसा उडतो. तेलावर भुसा बसला की त्याचा चिखल होतो. चार दिवसांनी पट्टी जास्तच अडते. शिवाय तेलाचे डाग लाकडाला लागतात. अशा लाकडावर पॉलिश नीट बसत नाही.

मग करायचे काय? आधी वीज बंद करा आणि पिन काढा. पट्टी उचलून बाजूला ठेवा. ब्रशने भुसा झाडा. फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन डिंक पुसा. त्या वेळी जवळ विडी, दिवा नको. गंज असेल तर बारीक पॉलिशपेपरने घासा. सगळे कोरडे होऊ द्या. मग दांडीवर आणि पट्टीच्या टेकणाऱ्या भागावर मेण चोळा. साधी मेणबत्तीही चालते. कोरड्या फडक्याने घासून जादा मेण काढा. मेण कोरडे असते. त्याला भुसा तेलासारखा चिकटत नाही.

पट्टी सरकवतानाही ध्यान ठेवा. जुवाचा एक बैल पुढे आणि एक मागे राहिला, तर गाडी तिरकी जाते. पट्टीचेही तसेच आहे. मागचे टोक ओढू नका. पुढे, मुठीजवळ धरून सरकवा.

आता पट्टी सरळ आहे का ते बघा. मूठ आवळा. एका दात्याला खडूची खूण करा. तो दाता पुढे असताना त्याच्यापासून पट्टीपर्यंतचे अंतर मोजा. पाते हाताने फिरवून तोच दाता मागे न्या. पुन्हा मोजा. दोन्ही मापे सारखी हवीत. मागचे माप कमी भरले, तर लाकूड तिथे दाबले जाणार. मग पट्टीचे बोल्ट सैल करा, ती सरळ बसवा आणि बोल्ट परत आवळा.

एवढे झाले, तरी लाकूड ढकलताना पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नका. जरा बाजूला राहा. अरुंद फळी हाताने नको, काठीने ढकला.

या कामाला अर्धा तास लागेल. एक मेणबत्ती लागेल. गेलेले बोट मात्र पुन्हा येत नाही. म्हणून पट्टी अडली तर बुक्की मारू नका. आधी करवत बंद करा आणि पट्टी साफ करा.