मुलांचा मोबाइल : मुदत आणि हिशेब

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलसारख्या डोंगराळ मुलखात, जेथे बाजारपेठेत उत्तम मिळणारी रेंज पाड्यावर पोहोचताच क्षीण होणे अशक्य नाही, तेथे मुलासाठी सिमकार्ड घेताना दरपत्रक पाहण्यापूर्वी घर, शाळा व वसतिगृह या तिन्ही ठिकाणी कोणत्या कंपनीची रेंज पोहोचते याची खातरजमा करणे श्रेयस्कर होय. १८ वर्षांखालील व्यक्तीच्या नावे सिमकार्ड मिळत नसल्याने ते पालकाच्याच नावे घ्यावे लागते आणि त्याची जबाबदारीही ओघानेच त्याच्याकडे येते.

स्वस्त भासणारे २८ दिवसांचे रिचार्ज वर्षाकाठी १३ वेळा करावे लागते. यास्तव रकमेस मुदतीच्या दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा. ज्या मुलास केवळ घरच्यांशी बोलावयाचे आहे, त्याच्यासाठी इंटरनेटविरहित प्लॅन पुरेसा ठरतो. केवळ कॉल व एसएमएस यांकरिता जास्तीत जास्त ३६५ दिवस मुदतीचे किमान एक व्हाउचर उपलब्ध करावे, असे बंधन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांवर घातले आहे. अभ्यासासाठी इंटरनेट अपरिहार्य असल्यास दैनिक मर्यादेचा लहान प्लॅन घ्यावा. निवड चुकल्यास ९० दिवसांनंतर १९०० या क्रमांकावर एसएमएस करून, तोच नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते.