विस्कॉन्सिनचा पाइन, न्यूयॉर्कचे विद्यापीठ

अमेरिकी उच्चशिक्षणाचा विस्तार ही धनिकांच्या दातृत्वाची कमाई, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. सरकारने काही केले असेल तर १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सुमारे २२ लाख सैनिकांना कॉलेजात पाठवले, एवढेच बहुतेकांना आठवते. माझ्या मते खरी मेख त्याआधी ८२ वर्षे, मॉरिल कायद्यातल्या एका रूक्ष कलमात आहे. दर खासदारामागे ३०,००० एकर सरकारी जमीन राज्याला द्यायची, ती विकून भांडवल उभारायचे आणि त्याच्या व्याजावर शेती-यंत्रविद्येचे कॉलेज चालवायचे, ही ढोबळ कथा परिचित आहे. मात्र ज्या राज्यांत सरकारी जमीन उरली नव्हती, त्यांच्या हाती पडली नुसती हक्कपत्रे. त्यांवर दुसऱ्या राज्यात स्वतः जमीन घेण्यास राज्याला मनाई होती. पत्रे विकत घेणाऱ्याला मुभा होती. सगळी राज्ये एकदम बाजारात उतरली आणि भाव कोसळला. सरकारी दर एकरी सव्वा डॉलर असताना ऱ्होड आयलंडच्या १,२०,००० एकरांचे जेमतेम ५०,००० डॉलर आले.

न्यूयॉर्कच्या वाट्याला सर्वाधिक, ९,९०,००० एकरांची पत्रे आली. तारयंत्राच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या एझ्रा कॉर्नेलने त्यांतली निम्म्याहून अधिक स्वतः घेतली, विस्कॉन्सिनमधल्या चिप्पेवा नदीच्या खोऱ्यातली पाइनची जंगले त्यांवर मिळवली आणि नफा १८६५ मध्ये स्थापन झालेल्या कॉर्नेल विद्यापीठाला द्यायचे कबूल केले. विधिमंडळात त्याच्यावर सट्टेबाजीचा आरोप झाला. चौकशीत तो निर्दोष ठरला. विस्कॉन्सिनवाले मात्र या परगावच्या जमीनदारावर चिडलेलेच राहिले, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. कॉर्नेल १८७४ मध्ये वारला. पुढे लाकडाचा व्यापारी असलेला विश्वस्त हेन्री सेज याने भाव चढेपर्यंत विक्रीची घाई होऊ दिली नाही आणि अखेर विद्यापीठाच्या गंगाजळीत सुमारे ५० लाख डॉलरची भर पडली.

यावर कोणी म्हणेल, मग हे यश कॉर्नेल आणि सेज यांच्याच धोरणीपणाचे ठरते, सरकारचे कसे? त्यांचा धोरणीपणा नाकारण्याचे कारण नाही. पण ज्यावर तो चालला ते जंगल सरकारने दिले होते, आणि खाजगी माणसाला वाट मोकळी ठेवणारे कलमही काँग्रेसचेच. ‘फुकट’ जमिनीवर सरकारने विद्या उभारली, हे कौतुकही अर्धवट आहे. त्या खोऱ्यातली जंगले १८३७ च्या तहाने ओजिब्वे लोकांकडून नाममात्र मोबदल्यात घेतलेली होती. २०२० मध्ये ‘हाय कंट्री न्यूज’ने केलेल्या शोधानुसार, मॉरिल कायद्याखाली वाटलेल्या सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमिनीचे मूळ धनी जवळपास २५० आदिवासी समाज होते. अमेरिकी विद्यापीठांच्या मोठ्या देणगीदारांची यादी करायची, तर माझ्या लेखी पहिले नाव या समाजांचे. त्यांच्याकडून घेतलेल्या या जमिनी पुढे विकताना कॉर्नेल विद्यापीठाने बऱ्याच ठिकाणी खनिजांचे हक्क मात्र स्वतःकडेच राखून ठेवले.