गुरुग्राममधला आवाजांचा ठेवा

गुरुग्रामच्या सेक्टर 32 मध्ये ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’च्या इमारतीत भारतीय संगीताचा एक मोठा ध्वनिसंग्रह आहे : ‘आर्काइव्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’. मराठी वाचकाला तो परका वाटू नये, कारण त्याचा जन्म 1982 साली पुण्यात झाला. संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे 1983-84 मध्ये तिथे सहयोगी संचालक होते. पुढे संग्रह दिल्लीला आणि मग गुरुग्रामला गेला.

संस्थापक नझीर जैराजभॉय यांना एक गोष्ट खुपत होती. परदेशी अभ्यासक इथल्या खेड्यापाड्यांत गाणी ध्वनिमुद्रित करत आणि टेप घेऊन मायदेशी जात. ज्यांचा आवाज, त्यांच्याच देशात तो ऐकायची सोय नव्हती. या मुद्रणांच्या प्रती भारतात आणून ठेवायच्या, हे केंद्राचं पहिलं काम ठरलं.

डच अभ्यासक आर्नोल्ड बाके यांनी 1938 च्या सुमारास दक्षिण भारतात केलेली ध्वनिमुद्रणं घेऊन जैराजभॉय आणि त्यांच्या सहकारी एमी कॅटलिन 1984 मध्ये त्याच वाटेने पुन्हा फिरले. कोणती परंपरा टिकली, कोणती बदलली, कोणती लोपली, हे त्यांनी गावोगाव जाऊन तपासलं. ध्वनिसंग्रह कशासाठी असतो, याचं याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

इथलं काम चिकाटीचं आहे. तासाभराची टेप डिजिटल करायला निदान तासभर लागतोच. शिवाय कोण गातंय, कुठे, कोणत्या प्रसंगी, ही नोंद नसेल तर तो आवाज पोरकाच. हक्कांचा प्रश्न त्याहून नाजूक. संग्रह देणारा वापराच्या अटी घालतो, पण गाणाऱ्याचं काय? शुभा चौधरी संचालक असताना केंद्राने पश्चिम राजस्थान आणि गोव्यातल्या कलावंत समाजांना संग्रहाच्या कामात भागीदार केलं. माझ्या मते केंद्राची खरी थोरवी इथे आहे.

असं काम जगापुढे मांडायची एक जागा म्हणजे संगीत-नृत्यपरंपरांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद. ती 1947 साली लंडनमध्ये स्थापन झाली. साधारण दर दोन वर्षांनी तिचं जागतिक संमेलन भरतं. सोल, हिरोशिमा, शांघाय, बँकॉक या आशियाई शहरांनी ते पाहिलं आहे. गुरुग्राममध्ये ते भरलं, तर पाहुण्यांना दाखवायला इथे चार दशकांचं काम आहे. मात्र त्या मांडवात गोंधळी, शाहीर, दशावतारी यांना करमणुकीपुरतं बोलावू नये, चर्चेलाही बसवावं.

ते संमेलन इथे भरो न भरो, आपल्या हाती एक काम आहे. जागरण, गोंधळ, भारूड, जात्यावरच्या ओव्या यांच्या कॅसेट अनेक मराठी अभ्यासकांच्या घरी पडून आहेत. दमट हवेत त्यांना बुरशी लागते आणि त्या वाजवणारी यंत्रंही दुर्मीळ होत चालली आहेत. आपल्याकडे अशी कॅसेट असेल, तर गाणाऱ्याचं नाव, गाव आणि साल आजच तिच्यावर लिहा, गाणाऱ्याची किंवा त्याच्या घरच्यांची संमती घ्या आणि एक प्रत एखाद्या जबाबदार संग्रहाकडे सोपवा.