आधी माती बघा
बाळापूरचा किल्ला 1757 साली पुरा झाला. तो बांधणाऱ्यांनी मन आणि म्हैस नद्यांमधला उंचवटा निवडला. मी मात्र प्लॉट घेताना फक्त भाव पाहिला. बँकेत जन्मभर सात-बारे तपासले, पण माती कधी तपासली नाही.

दुसऱ्याच उन्हाळ्यात भिंतीला बोटभर चीर पडली. आपली काळी कपाशीची माती पावसात पाणी पिऊन फुगते, वैशाखात आक्रसून भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. म्हणून आधी खड्डा खणून पाहा. पाया मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर अभियंत्याला विचारून खांबांचा पाया घ्या. बाग करायची तर विहिरीचे पाणीही तपासून घ्या. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात खारे पाणी झाडांबरोबर मातीही बिघडवते.

शेतकरी भेगा बघून जमीन ओळखतो. मी ती कर्जाचे हप्ते फेडता फेडता ओळखली.