परवान्याची किल्ली लागत नाही तेव्हा

दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयाने आमच्या शाळेस आठ वापरलेले संगणक देणगीदाखल दिले. मुले हरखली, आम्हीही हरखलो. सहा महिने लोटले आणि एकेका पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज अ‍ॅक्टिवेट करण्याची सूचना पुसट अक्षरांत उमटू लागली. संगणक चालत होते. परंतु परवाना मान्य नाही, असे ते सांगत होते. एका गृहस्थांनी, “सर, फुकटची किल्ली लावून देतो,” असे सुचविले. ज्या खोलीत मुलांना सचोटी शिकवावयाची, तेथे चोरीची किल्ली कशी लावावी? म्हणून आम्ही मूळ कारण शोधले. ते इतरांसही उपयोगी पडेल.

किल्ली म्हणजे परवाना नव्हे. ती परवान्याची खूण होय. विंडोजची किल्ली २५ अक्षरांची, पाच-पाचांच्या पाच गटांत असते. तीत ०, १, ५ हे अंक आणि ए, ई, आय, एल, ओ, एस, यू, झेड ही इंग्रजी अक्षरे येत नाहीत. कागदावर शून्य किंवा ‘ओ’ दिसल्यास वाचण्यातच चूक झाली असे समजावे; तेथे बहुधा ‘डी’ वा ‘क्यू’ असेल. ‘बी’ आणि ८, ‘जी’ आणि ६ यांचीही गल्लत होते.

अक्षरे बरोबर असूनही किल्ली नाकारली गेली, तर आवृत्ती पाहावी. ‘होम’ची किल्ली ‘प्रो’ला लागत नाही. मदरबोर्ड बदलला असल्यास संगणकाची ओळखच बदलते. अशा वेळी स्वतंत्र विकत घेतलेला परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी आधी जोडलेला असेल, तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ व त्यात ‘अ‍ॅक्टिवेशन’ उघडून ‘ट्रबलशूट’ निवडावे आणि यंत्राचा भाग बदलल्याचे कळवावे.

आमचे दुखणे निराळे होते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’ ही अक्षरे, मग एक जागा सोडून तिरकी रेघ व ‘डीएलआय’ असे इंग्रजीत टंकले, की परवान्याचा प्रकार दिसतो. तेथे ‘व्हॉल्यूम’ असे आले. म्हणजे परवाना कार्यालयाच्या समूहाचा होता. असे संगणक कार्यालयाच्या केंद्रयंत्राकडून परवान्यास दुजोरा घेत असतात. १८० दिवस तो मिळाला नाही, की मान्यता संपते. किल्ली खोटी नव्हती. ती आमची नव्हती, इतकेच.

उपाय त्या यंत्रांतच निघाला. विंडोज ८ (२०१२) पासून पुष्कळ उत्पादक मूळ किल्ली मदरबोर्डावरच नोंदवितात. पाच संगणकांत ती होती. आवश्यक फायली दुसरीकडे उतरवून मूळ आवृत्ती नव्याने बसविताच त्यांनी किल्ली आपणच उचलली. उरलेल्या तिघांना विंडोज ७ च्या जुन्या किल्ल्या होत्या. त्यांवर नवी विंडोज घेण्याची सवलत मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली. त्यांवर आम्ही विनामूल्य लिनक्स बसविले. मुलांचे लेखन व गणिताचे काम त्यावर उत्तम चालते.

दात्यांस एवढीच विनंती की, संगणक देताना त्याचा परवाना कोणता व कोणाच्या नावे, हे एका कागदावर लिहून द्यावे. तो कागद नसेल, तर दान अर्धेच पोहोचते.