नकोशा कॉलना चाप, पण पक्षांना मोकळे रान

२००४च्या लोकसभा निवडणुकीच्या रणधुमाळीत देशभरातील असंख्य दूरध्वनी खणखणले आणि पलीकडून चक्क पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू आला. त्या वेळी मतदारांना त्याचे अप्रूप वाटले. (‘इंडिया शायनिंग’च्या त्या प्रचाराचे पुढे काय झाले, हे सर्वश्रुत आहे.) यंत्राने लावलेल्या कॉलला भारतीय राजकारणात प्रतिष्ठा मिळाली ती तेव्हापासून. आज अशाच नकोशा कॉलविरुद्ध सरकार आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ‘ट्राय’ यांनी कंबर कसली आहे. मात्र या मोहिमेची धार राजकीय पक्षांच्या दारापाशी येताच बोथट होते.

नकोसे कॉल रोखण्यासाठी ट्रायने २००७मध्येच राष्ट्रीय नोंदवहीची व्यवस्था केली होती. तिचा फारसा उपयोग झाला नाही. २०१०च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांना विरोधी नेत्यांसमवेत बैठक चालू असतानाच गृहकर्ज देऊ करणारा कॉल आला आणि तो किस्सा वृत्तपत्रांतून गाजला. दूरसंचारमंत्री कपिल सिब्बल यांनी लक्ष घातले, १ डिसेंबरला ट्रायचे नवे विनियमही आले. त्यांची तयारी आधीपासून चालू होती, हे खरे. पण सामान्य ग्राहकाच्या तक्रारीला मंत्र्याच्या तक्रारीचे वजन नसते, हे दिल्लीत कोणाला सांगावे लागत नाही. टेलिमार्केटिंगसाठी १४०ने सुरू होणारे क्रमांक आणि २५ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत दंड ही त्या विनियमांची देणगी.

ही व्यवस्था नोंदणीकृत कंपन्यांपुरतीच राहिली. बाकीच्यांनी साध्या दहा अंकी क्रमांकांचा आश्रय घेतला. एका पीआरआय जोडणीवर एकाच वेळी तीस संभाषणे चालू शकतात. तिला स्वयंचलित डायलर जोडला की हजारो क्रमांक फिरविण्यासाठी माणूस लागत नाही. त्यात १ जानेवारी २०२१पासून एका कंपनीने दुसरीला प्रत्येक कॉलमागे द्यावयाचे आंतरजोडणी शुल्क शून्यावर आले. कॉल करणे जवळपास फुकट झाले आणि त्याचा भार कॉल घेणाऱ्याच्या वेळेवर पडला. २०१८च्या विनियमांनी ब्लॉकचेनवर आधारित नोंदणी आणून लघुसंदेशांना बराच लगाम घातला. आवाजी कॉल मात्र निसटतच राहिले.

जानेवारी ते जून २०२४ या सहा महिन्यांत अनोंदणीकृत टेलिमार्केटरविरुद्ध ७ लाख ९० हजारांहून अधिक तक्रारी आल्यावर ट्रायला जाग आली. ऑगस्टमधील आदेशानंतर काही आठवड्यांत पावणेतीन लाख जोडण्या तोडल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली, दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई बंधनकारक ठरविली आणि कुचराई करणाऱ्या दूरसंचार कंपन्यांवर दोन ते दहा लाखांचा दंड ठेवला. स्वयंचलित आणि ध्वनिमुद्रित कॉलची पूर्वसूचना कंपनीला देणेही आवश्यक केले. ही पावले स्वागतार्हच आहेत.

अडचण आहे ती व्याख्येत. ट्रायचे विनियम केवळ ‘व्यावसायिक’ संदेशांना लागू होतात. केंद्र वा राज्य सरकारच्या निर्देशावरून ‘जनहितार्थ’ केलेले कॉल त्यातून वगळले आहेत आणि जनहित कशात आहे, हे अर्थातच सरकार ठरविते. कोणत्या प्रकारचे संदेश नकोत, हे ग्राहकाने निवडावयाच्या यादीत बँक, घरबांधणी, शिक्षण, पर्यटन असे वर्ग आहेत. राजकारण हा वर्ग नाही. मग मतदाराने १९०९ क्रमांकावर तक्रार करावी तरी कशाच्या आधारे?

ही त्रुटी दूर करण्याची संधी संसदेला मिळाली होती. २०२३च्या दूरसंचार कायद्याचे कलम २८ ग्राहकाच्या पूर्वसंमतीविषयी आहे. परंतु त्यातील संदेशाची व्याख्या वस्तू, सेवा, मालमत्ता, व्यवसाय, रोजगार आणि गुंतवणूक यांच्या जाहिरातीवरच थांबते. मत मागणारा संदेश तीत कोठेच नाही. हे विधेयक २० आणि २१ डिसेंबरला दोन्ही सभागृहांत संमत झाले, तेव्हा विरोधी पक्षांचे १४०हून अधिक सदस्य निलंबित होते. तरीही एकट्या सत्ताधाऱ्यांकडे बोट दाखविणे अन्यायाचे ठरेल. दिल्लीच्या निवडणुकांत अरविंद केजरीवाल यांचा ध्वनिमुद्रित आवाजही मतदारांनी असाच ऐकला आहे. या सोयीवर पाणी सोडण्यास कोणताच पक्ष राजी दिसत नाही.

निवडणूक आयोग प्रचाराच्या घाऊक लघुसंदेशांना आणि ध्वनिसंदेशांना पूर्वप्रमाणन मागतो. त्यात मजकूर तपासला जातो. मतदाराची संमती नव्हे. त्याचा क्रमांक पक्षाकडे कसा पोहोचला, हेही कोणी विचारीत नाही. अमेरिकेत १९९१च्या कायद्यानुसार मोबाइलवर यंत्राद्वारे राजकीय कॉल करण्यासही पूर्वसंमती लागते. जानेवारी २०२४मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये अध्यक्ष बायडेन यांच्या बनावट आवाजातील कॉल गेले, तेव्हा तेथील नियामकाने पुढच्याच महिन्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा आवाज त्याच कायद्याच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट केले आणि कॉल करविणाऱ्या सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत आपल्याकडेही मतदाराला नावानिशी साद घालणारे कृत्रिम आवाज प्रचारात उतरले होते.

आता भिस्त आहे ती वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यावर. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, पण संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. त्या लागू झाल्यावर मतदारांच्या क्रमांकांच्या याद्या कोठून आल्या, याचा जाब पक्षांना विचारता येईल. तो विचारण्याची जबाबदारी ज्या विदा संरक्षण मंडळावर आहे, त्याच्या नेमणुका मात्र केंद्र सरकारच्याच हाती आहेत.