ओळखीचे दुकान, नोकरीचे नियम : विद्यार्थ्याच्या पहिल्या अर्धवेळ कामाविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

मध्य प्रदेशातील पाटन हे जबलपूर शहराच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर वसलेले तहसिलीचे गाव असून सातारा जिल्ह्यातील पाटणशी त्याची गल्लत होऊ नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्याआधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, हा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे या परिसरातील मराठी कुटुंबांचा वावर जुना आहे. अशा गावात महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मिळणारे पहिले अर्धवेळ काम बहुधा ग्राहकसेवेचे असते. वस्तू किंवा सेवा घ्यायला आलेल्या माणसाची गरज समजून घेणे, ती भागवणे आणि तक्रार असल्यास तिचा निपटारा करणे, या साऱ्याला ग्राहकसेवा म्हणतात. मोबाइलचे दुकान, औषधांचे दुकान, पेट्रोल पंप, ऑनलाइन अर्ज भरून देणारे कियॉस्क आणि मध्य प्रदेशाच्या २०१० च्या लोकसेवा हमी कायद्यातून तहसील पातळीवर उभी राहिलेली लोकसेवा केंद्रे ही तिची नेहमीची ठिकाणे होत. लहान गावात असे काम जाहिरातीतून क्वचित मिळते. दुकानदार वडिलांच्या परिचयाचा असतो आणि मुलाला ‘घरचाच’ म्हणून ठेवून घेतो. मालक, पालक आणि विद्यार्थी या तिघांनाही मग ती नोकरी न वाटता ओळखीपोटी झालेली सोय वाटू लागते, आणि पुढे दिलेल्या गैरसमजांपैकी बहुतेकांचे मूळ याच समजुतीत आहे.

गैरसमज १ : नियुक्तीपत्र नसेल तर ती नोकरी नव्हे आणि कायदाही लागू नाही.

वस्तुस्थिती : २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या असून त्यांनी २९ जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा घेतली आहे. त्यांपैकी वेतन संहिता, २०१९ ही मजुरी आणि पगार यांविषयीची आहे. या संहितेतील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत नोकरीच्या अटी स्पष्ट ठरलेल्या असोत किंवा वागण्यातून गृहीत धरलेल्या असोत, दोन्ही प्रकारचा रोजगार धरला आहे. म्हणजे ‘उद्यापासून येत जा’ एवढ्या तोंडी शब्दावर सुरू झालेले काम हाही कायद्याच्या दृष्टीने रोजगारच ठरतो. मोबदला मिळाला नाही अशी तक्रार झाल्यास तो दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे आणि दावा दाखल करण्यासाठी तीन वर्षांची मुदत ठेवली आहे. तरीही कामावर हजर राहिल्याच्या तारखा वहीत नोंदवून ठेवणे आणि पगार रोख घेण्यापेक्षा बँक खात्यात घेणे शहाणपणाचे असते, कारण वाद उद्भवलाच तर अशा साध्या नोंदीच उपयोगी पडतात.

वयाबाबतही अशीच ढिलाई दिसते. बाल आणि किशोरवयीन कामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत स्वतःच्या कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात हातभार लावण्याची त्याला मुभा आहे, पण ही सवलत कुटुंबापुरतीच असल्याने शेजाऱ्याच्या दुकानाला ती लागू होत नाही. १४ ते १८ या वयोगटातील मुलांना खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांपासून दूर ठेवणे बंधनकारक आहे.

गैरसमज २ : अर्धवेळ कामाला किमान वेतन नसते, आणि शिकण्याचे पहिले दिवस बिनपगारीच असतात.

वस्तुस्थिती : किमान वेतन म्हणजे ज्याहून कमी मोबदला देणे बेकायदेशीर ठरते असा शासनाने ठरवून दिलेला दर होय. १९४८ च्या जुन्या कायद्यात हे संरक्षण अनुसूचीत नोंदलेल्या व्यवसायांपुरते होते. वेतन संहितेने ते सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत नेले आणि तासाचा, दिवसाचा किंवा महिन्याचा दर ठरवण्याची तरतूद ठेवली. अर्धवेळ काम करणाऱ्याच्या हाती येणारी एकूण रक्कम तासांच्या प्रमाणात कमी असू शकते, पण म्हणून दर मनमानी ठेवता येत नाही. ठरलेल्या कामाच्या दिवसाहून जास्त वेळ थांबवून घेतल्यास त्या जादा वेळेचे वेतन नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट द्यावे लागते. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि नोकरी सोडल्यास किंवा काढून टाकल्यास उरलेली रक्कम दोन कामकाजी दिवसांत देणे आवश्यक आहे.

‘आधी पंधरा दिवस काम शीक, पगाराचे मग बघू’ ही रीत बाजारात रुळलेली असली तरी तिला कायद्याचा आधार नाही. वेतन संहितेच्या व्याख्येतून वगळलेला शिकाऊ उमेदवार हा १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार रीतसर करार झालेला उमेदवार असतो आणि त्यालाही विद्यावेतन मिळते. काउंटरवर उभे राहून माल विकणारा मुलगा नवखा असला, तरी विकलेल्या मालाचा नफा दुकानाच्या खात्यातच जमा होत असतो. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा योजनेचे संरक्षण असते आणि केवळ अर्धवेळ असल्याच्या कारणाने त्यातून कोणाला वगळता येत नाही.

गैरसमज ३ : गल्ल्यात तूट आली की ती काउंटरवरच्या मुलाच्या पगारातून कापायची.

वस्तुस्थिती : नवख्या विद्यार्थ्याच्या मनात सर्वांत जास्त धास्ती याच गोष्टीची असते. रोख मोजण्यातली चूक, हातातून पडून फुटलेला मोबाइल किंवा उधारीवर नेलेला माल, या सर्वांचा हिशेब महिनाअखेरीस त्याच्या नावावर टाकला जातो. संहितेने येथे दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. पहिली, नुकसानभरपाई : ती फक्त कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे थेट झालेल्या नुकसानीसाठी, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर आणि प्रत्यक्ष नुकसानीच्या रकमेपुरतीच कापता येते. चार जण हाताळत असलेल्या गल्ल्यातील तूट कोणा एकाच्या हयगयीमुळे झाली हे दाखवता येत नसेल, तर ती सगळ्यांत लहान असलेल्या मुलाच्या माथी मारता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दंड : तो शासनाची पूर्वमंजुरी घेऊन आधीच सूचनाफलकावर लावलेल्या चुकांसाठीच, त्या वेतनकाळातील वेतनाच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेत बसवता येतो, आणि १५ वर्षांखालील कर्मचाऱ्यावर तर बसवताच येत नाही. सर्व प्रकारच्या कपाती मिळूनही पगाराच्या ५० टक्क्यांपलीकडे नेता येत नाहीत.

उशिरा येण्यासाठी शंभर रुपये, ग्राहक परत गेला म्हणून दोनशे, असे तोंडी दंड या चौकटीत बसत नाहीत. पाळी सुरू करताना आणि संपवताना दोघांनी मिळून रोख मोजून वहीत सही करणे हा बँकांपासून पेट्रोल पंपांपर्यंत चालत आलेला जुना उपाय असून त्यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. उलट त्यामुळे मालकाचे पैसे आणि मुलाचे नाव दोन्ही सुरक्षित राहतात.

गैरसमज ४ : ग्राहक नेहमीच बरोबर असतो, म्हणून त्याचे सर्व ऐकून घ्यावे.

वस्तुस्थिती : दुकानांच्या आणि बँकांच्या भिंतींवर ग्राहकाची महती सांगणारा एक मजकूर महात्मा गांधींच्या नावाने लावलेला असतो. गांधीजींच्या संकलित वाङ्मयात तो आढळत नाही. त्याच्याशी जुळणारा मजकूर १९४१ च्या सुमारास अमेरिकेतील मोटार-विक्रीच्या व्यवसायात छापला गेला होता. ‘ग्राहक बरोबर असतो’ हे तत्त्वही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी पाश्चात्त्य शहरांतील मोठ्या दुकानांनी आणि हॉटेलांनी रूढ केले. तक्रारीवर सुरुवातीलाच अविश्वास दाखवू नये, एवढाच त्याचा मूळ आशय होता.

ग्राहकाचे हक्क खरे आहेत; ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ते निश्चित केले असून १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र त्या हक्कांत नियमबाह्य मागणीचा समावेश होत नाही. औषधांच्या दुकानात चिठ्ठीवरचीच औषधे नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखाली द्यावी लागतात. ग्राहकाने कितीही आग्रह धरला तरी मदतनीस विद्यार्थ्याने ती आपल्या मनाने काढून देऊ नयेत. कियॉस्कवर आलेला वृद्ध आपला मोबाइल आणि ओटीपी निःशंकपणे पुढे करतो, तेव्हा तो पाठ न करणे, लिहून न ठेवणे आणि कामापुरताच वापरणे ही ग्राहकसेवेतील सर्वांत मोठी जबाबदारी ठरते.

शिवीगाळ किंवा लगट सहन करणे हाही कामाचा भाग नव्हे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा तात्पुरत्या, रोजंदारीवरील आणि प्रशिक्षणार्थी स्त्रियांनाही लागू आहे, आणि तेथे येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासून संरक्षण देणे हे त्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दुकानात अंतर्गत समिती नसते. अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते.

गैरसमज ५ : या कामाला कौशल्य लागत नाही, गोड बोलता आले की झाले.

वस्तुस्थिती : अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या अभ्यासावरून एक संकल्पना मांडली. तिला मराठीत भावश्रम म्हणता येईल : नोकरीची गरज म्हणून स्वतःच्या भावना आवरणे आणि समोरच्याला अपेक्षित असलेली भावना दाखवणे, हाही श्रमच आहे आणि त्याचा थकवाही खरा असतो. वरवर हसणे आणि ग्राहकाची अडचण मनापासून समजून घेणे यांत त्यांनी फरक केला. संध्याकाळी घरी आलेला मुलगा ‘दिवसभर नुसता उभाच तर होता’ तरी का चिडचिडतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे सापडते. नुसते उभे राहणेही क्षुल्लक नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानातील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. तक्रार शेवटपर्यंत ऐकणे, ती स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगून खात्री करून घेणे, आपल्या अधिकारात नसलेले आश्वासन न देणे आणि माहिती नसल्यास तसे सांगून माहितगाराकडे पाठवणे, ही सरावानेच अंगी बाणणारी कौशल्ये आहेत.

गैरसमज ६ : चांगले इंग्रजी नसेल तर ग्राहकसेवेत जागा नाही.

वस्तुस्थिती : परदेशी ग्राहकांच्या कॉल सेंटरपुरते हे खरे आहे. पाटनच्या बाजारातील व्यवहार हिंदीत आणि तिच्या स्थानिक बोलीत चालतो, आणि राज्याच्या १८१ या सीएम हेल्पलाइनसारख्या सेवाही हिंदीतच दिल्या जातात. हिंदी आणि मराठी दोन्ही सहज बोलणाऱ्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रातील ग्राहकांशी बोलणाऱ्या बँका, विमा आणि दूरसंचार कंपन्यांच्या केंद्रांत उलट जास्तीची संधी असते. २०२० आणि २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने नियम सैल केल्यापासून अशा केंद्रांचे काम घरून करण्यातील अनेक अडसर दूर झाले आहेत.

गैरसमज ७ : नोकरी धरली की शिक्षण सुटतेच.

वस्तुस्थिती : शिकता शिकता कमावण्याची परंपरा मराठी समाजाला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ हे सूत्रच शिक्षणाचा पाया मानले. विद्यार्थ्यांच्या अर्धवेळ कामाविषयी परदेशांत झालेल्या अनेक अभ्यासांत आठवड्याला सुमारे २० तासांपलीकडे काम गेले की अभ्यासावर विपरीत परिणाम दिसतो, त्याहून कमी तासांत तो फारसा दिसत नाही. अर्थात जास्त तास राबणारे विद्यार्थी बहुधा गरीब घरांतले असल्याने सगळा दोष तासांच्या माथी मारणेही बरोबर नाही.

प्रश्न कामापेक्षा वेळापत्रकाचा अधिक असतो. पाटनचा परिसर हिरव्या मटारासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात माल निघू लागला की शेतकऱ्यांच्या हाती पैसा येतो आणि दुकानांतली वर्दळ वाढते. त्या दिवसांत जादा वेळ थांबावे लागेल का आणि परीक्षेच्या काळात रजा मिळेल का, हे आधीच ठरवलेले बरे. नियमित विद्यार्थ्याकडून साधारणपणे ७५ टक्के उपस्थितीची अपेक्षा असते. ती जमत नसेल तर स्वाध्यायी परीक्षार्थी म्हणून बसण्याचा किंवा भोपाळच्या मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला राहतो.

गैरसमज ८ : नोकरी मिळवायची तर नोंदणी शुल्क आणि मूळ कागदपत्रे द्यावीच लागतात.

वस्तुस्थिती : घरबसल्या ‘कस्टमर केअर’ची नोकरी देतो म्हणून आधी प्रशिक्षणाचे किंवा गणवेशाचे पैसे मागणारा बहुधा भामटाच असतो. याहून घातक प्रकार म्हणजे स्वतःचे बँक खाते ‘कंपनीच्या व्यवहारांसाठी’ वापरायला देणे. फसवणुकीचा पैसा त्यातून फिरवला जातो आणि पोलिसांची चौकशी खातेदारापर्यंत येते. अशी फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसा पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. मूळ गुणपत्रिका मालकाकडे ठेवून घेण्याचे कारण नाही. पडताळणीसाठी ती दाखवून परत घ्यावी किंवा डिजिलॉकरमधील प्रत द्यावी, कारण तिला कायद्याने मूळ कागदपत्राइतकीच मान्यता आहे. अल्पवयीन विद्यार्थ्याने स्वतःच्या श्रमातून किंवा कौशल्यातून कमावलेले उत्पन्न पालकांच्या करपात्र उत्पन्नात मिळवले जात नाही. शिष्यवृत्तीवर मात्र त्याचा काय परिणाम होतो, हे त्या त्या योजनेच्या नियमांत पाहावे.

या सर्व मुद्द्यांचा अर्थ ओळखीतून काम घेऊ नये असा होत नाही. लहान गावात ओळख हेच पहिल्या नोकरीचे सर्वांत भरवशाचे दार आहे. मात्र कामाचे तास, पगाराचा दर आणि तारीख, साप्ताहिक सुटी, परीक्षेची रजा आणि तुटीचा हिशेब या पाच गोष्टी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून मोबाइलवरच्या एका संदेशात नोंदवून ठेवल्या, तर पुढे कुरबुर व्हायला फारसा वाव उरत नाही. ज्या मालकाशी घरोबा आहे त्याच्याशी पैशाचे बोलणे संकोचाचे वाटते, म्हणूनच ते पहिल्या दिवशी व्हावे. महिनाअखेरीस तेच बोलणे भांडणासारखे वाटते, आणि त्यात पगाराबरोबर दोन घरांचे संबंधही पणाला लागतात.